भिंतीवरचे नाव आणि भिंतीवरचा हिशेब

मनुष्याने आपले नाव दगडावर कोरावे की न कोरावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. सरकारी इमारतीच्या दाराशी मंत्र्याच्या नावाची कोनशिला असते; नदीच्या घाटावर पायरीपायरीला देणगीदारांची नावे असतात; आणि एखाद्या गडावर चढून गेले की बुरुजाच्या अंगावर खिळ्याने ओरखडलेली, कोळशाने गिरवलेली नावे दिसतात. यांतल्या पहिल्याला आपण औचित्य म्हणतो, दुसऱ्याला पुण्य आणि तिसऱ्याला विद्रूपीकरण. पण तिहींच्या मुळाशी असलेली वासना एकच आहे: मी येथे होतो, हे माझ्यामागेही कोणाला तरी कळावे. ज्या वासनेला आपण एके ठिकाणी मान देतो, तिलाच दुसरीकडे दंड करतो, तर त्यांतला फरक नेमका कशात आहे? आणि तो दगड आपला नसून दुसऱ्याने उभारलेला असेल, तर या प्रश्नाचे उत्तर काय?

या विचाराला तंजावरइतके योग्य स्थळ भारतात क्वचितच सापडेल. नोकरीच्या निमित्ताने दक्षिणेत आलेला मराठी माणूस आज ना उद्या तंजावरला जातोच. आपल्या पूर्वजांनी येथे राज्य केले, एवढी गोष्ट त्याला शाळेतल्या इतिहासापासून ठाऊक असते. परंतु गावात शिरताच त्याचे लक्ष मराठ्यांच्या राजवाड्याकडे न जाता ज्याला तमिळ लोक साधेपणाने ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठे देऊळ म्हणतात, त्या राजराजेश्वराच्या मंदिराकडे जाते. बृहदीश्वर हे संस्कृत नाव पुढच्या काळातले. बांधणाऱ्याने त्याला राजराजेश्वरम् असे स्वतःचेच नाव दिले होते. म्हणजे नावाचा प्रश्न या देवळाच्या उंबरठ्यापासूनच सुरू होतो.

पहिला राजराज चोळ इ. स. ९८५ मध्ये गादीवर आला आणि आपल्या राज्याच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे १०१० मध्ये, त्याने विमानाच्या शिखरावर ठेवण्यासाठी ताम्रकलश अर्पण केला. कावेरीच्या गाळाने बनलेल्या या सपाट भातखाचरांच्या मुलखात बांधकामाचा दगड मिळत नाही. तो दूरवरून आणावा लागला. ग्रॅनाइट हा छिन्नीला दाद न देणारा दगड. त्याचे चिरे एकमेकांत बसवून, चुन्याच्या आधाराशिवाय, दोनशे फुटांहून उंच असे हे तेरा मजल्यांचे विमान उभे आहे. खालच्या भिंती उभ्या आणि ताठ. त्यांच्यावर निमुळत्या होत गेलेल्या थरांची चढण. आणि सर्वांवर घुमटाकार शिखर. अलंकार पुष्कळ आहेत, पण ते रेषेच्या आड येत नाहीत. दक्षिणेतल्या नंतरच्या देवळांत गोपुरे आभाळाला भिडतात आणि गाभारा त्यांच्या सावलीत लपतो. येथे त्याच्या उलट आहे. केरळांतक आणि राजराज अशी नावे असलेल्या दोन द्वारांतून आत जावे, तेव्हा ती द्वारे ठेंगणी वाटतात आणि देवाचे घर उंच वाटते. वास्तूच्या या क्रमात एक नम्रता आहे. मात्र त्याच वास्तूच्या पहिल्या दाराचे नाव ‘केरळचा अंत करणारा’ असे आहे, हेही विसरून चालत नाही.

या मंदिराविषयी दोन गोष्टी प्रत्येक प्रवाशाला सांगितल्या जातात. एक, विमानाची सावली जमिनीवर पडत नाही; दुसरी, शिखराचा दगड ऐंशी टनांचा आणि अखंड असून तो कित्येक कोसांच्या उतरणीवरून वर चढवला. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. सावली पडते; उन्हाच्या वेळी लोक तिच्यात बसतात. शिखरही अनेक तुकडे जोडून बनवलेले आहे. तरीही या आख्यायिका मरत नाहीत, याचे कारण विचार करण्याजोगे आहे. चमत्कार सांगितला की श्रमाची चौकशी करावी लागत नाही. अखंड दगड वर चढला, म्हणजे जणू आपोआप चढला. पण तुकडे करून, घडवून, एकेक वर चढवून, जुळवून बसवले असे म्हटले की लगेच प्रश्न येतो: कोणी बसवले? त्यांना काय दिले? नुसते दिपून जाणे ही कौतुकाची सर्वांत स्वस्त जात होय.

या प्रश्नाचे उत्तर देण्याची सोय स्वतः राजराजानेच करून ठेवली आहे, हे या देवळाचे खरे वैशिष्ट्य. विमानाच्या पायथ्याशी, अधिष्ठानाच्या थरांवर, तमिळ लेखांच्या ओळींमागून ओळी गेल्या आहेत. आपण दिलेले, आपल्या थोरल्या बहिणीने दिलेले, आपल्या राण्यांनी दिलेले आणि इतर देणाऱ्यांनी दिलेले, हे सर्व विमानाच्या दगडावर कोरावे, अशी त्याची आज्ञा आहे. बहीण कुंदवै हिचे नाव राण्यांच्या आधी येते आणि ‘इतर देणारे’ हेही राजाच्याच वाक्यात बसतात. मग सुरू होते ती स्तुती नव्हे, तर जमाखर्चाची वही. सोने कोणत्या वजनाने तोलले, धान्य कोणत्या मापाने मोजले, दागिन्यात रत्ने किती आणि त्यांत सदोष कोणती, सारे नोंदलेले आहे. देवाला दिलेल्या रत्नातला दोष लपवू नये, असे वाटणाऱ्या कारभाराबद्दल, ज्याने आयुष्यात एकदा तरी जडजवाहिराची किंवा सरकारी सामानाची यादी तपासली आहे, त्याला आदर वाटल्यावाचून राहणार नाही.

दिव्यांची व्यवस्था पाहावी. एक दिवा अखंड तेवत ठेवण्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी असा हिशेब ठरलेला असे. जनावरे धनगरांकडे किंवा गवळ्यांकडे सोपवलेली असत आणि ज्याच्याकडे ती सोपवली, त्याने रोजचे ठरलेले तूप पोहोचवायचे. अशा मेंढ्यांना चोळकालीन लेखांत न मरणाऱ्या आणि न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या म्हणतात. मेंढी मरतेच, पण जी मरेल तिच्या जागी दुसरी उभी करायची, संख्या घटू द्यायची नाही. अमरत्वाची याहून प्रामाणिक व्याख्या मला ठाऊक नाही. येथे अमर आहे ती मेंढीही नव्हे आणि धनगरही नव्हे, तर दिव्याशी बांधलेले उत्तरदायित्व. आपल्यासारख्या बदल्यांवर जगणाऱ्या माणसांना हे समजणे अवघड जाऊ नये. खुर्चीतला माणूस जातो, दुसरा येतो. दिवा विझला की नाही, एवढेच विचारायचे असते.

त्याच भिंतीवर चारशे देवदासींची नावे आहेत. कोणती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आणली, तिला कोणत्या आळीत, कोणत्या ओळीत, कितवे घर दिले, आणि प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात मिळायचे, हे सर्व लिहिलेले आहे. कोणी मेली किंवा परगावी गेली, तर तिच्या वाट्याचे काम आणि भात कोणाकडे जावा, याचाही नियम आहे. त्यांच्याबरोबर वादक, हिशेबनीस, दिवे लावणारे, छत्र धरणारे, धोबी, न्हावी, शिंपी हेही आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या किती न्हाव्यांची आणि धोब्यांची नोंद जगातल्या राजांनी आपल्या कीर्तिस्तंभावर करून ठेवली असेल?

येथे एक आक्षेप रास्तपणे उभा राहतो. नोंद केली म्हणजे न्याय केला असे होते काय? चारशे स्त्रियांना आपापल्या गावांतून उचलून तंजावरला बसवले; त्यांची इच्छा विचारली होती काय, हे भिंत सांगत नाही. देवाला वाहिलेल्या सोन्यात चेर आणि पांड्य राजांकडून जिंकून आणलेला खजिना होता, हेही लेखच सांगतात. सिंहलद्वीपातल्या गावांचे उत्पन्नही या देवळाकडे लावलेले होते. म्हणजे ज्या दीपाच्या उजेडात आपण कलेचे दर्शन घेतो, त्याच्या तुपात लुटीचाही अंश आहे. मग हे सौंदर्य निर्मळ मनाने पाहता येईल काय?

मला वाटते, येथेच हिशेबाचे नैतिक मोल कळते. हिशेब मनुष्याला पापमुक्त करीत नाही; तो त्याला जाब देण्याच्या जागी उभा करतो. राजराजाने खजिना कोठून आणला, हे आपण त्याच्याच भिंतीवर वाचून त्याला विचारतो. चारशे जणींची नावे त्याने लिहिली नसती, तर त्यांच्याविषयी विचारण्याचीही सोय आपल्याला उरली नसती. स्तुतिपाठक पुढच्या पिढीच्या हाती केवळ फुले देतो. हिशेब ठेवणारा कळत-नकळत आपल्याविरुद्धचा पुरावाही देतो. आणि जो आपल्याविरुद्धचा पुरावा दगडावर ठेवतो, त्याचे नाव त्या दगडावर असण्याचा अधिकार आपण मान्य केला पाहिजे.

परंतु दगडाच्या सामर्थ्याविषयीही फार विश्वास बाळगू नये. ज्या राजाचे नाव या देवळाच्या चिऱ्याचिऱ्यावर आहे, त्यालाच पुढे लोक विसरले. जुनी लिपी वाचता येईनाशी झाली. स्थलपुराणांनी आणि दंतकथांनी देवळाचे श्रेय करिकाल चोळासारख्या दुसऱ्याच राजाला दिले. १८८६ मध्ये मद्रास सरकारने हुल्टश या जर्मन विद्वानाची पुरालेखतज्ज्ञ म्हणून नेमणूक केली; त्याने हे लेख वाचून प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे देवळाचा कर्ता निर्विवादपणे देवळाला परत मिळाला. दगड टिकतो, पण स्मृती टिकते ती वाचणाऱ्यामुळे. आणि हा वाचणारा एका परक्या देशातून, नोकरीवर आलेला मनुष्य होता, ही गोष्ट परप्रांतात नोकरी करणाऱ्यांनी मनाशी धरून ठेवण्यासारखी आहे.

आता दुसऱ्या भिंतीकडे वळू. विमानाला वळसा घालून प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूस गेले की मराठी पाहुण्याचे पाऊल थबकते. तमिळ अक्षरांनी वेढलेल्या त्या आवारात अकस्मात देवनागरी दिसते, आणि भाषा मराठी! हाच तो भोसले घराण्याचा वंशवृत्तान्त. दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेने १८०३ मध्ये कोरलेला हा लेख मराठीतल्या सर्वांत दीर्घ शिलालेखांत गणला जातो. भोसले कुळाच्या पौराणिक उगमापासून मालोजी, शहाजी, शिवछत्रपती, व्यंकोजी असा हा ओघ सरफोजींपर्यंत येऊन पोहोचतो. दूर देशी आपल्या भाषेचे अक्षर दिसले की मन भरून येते. त्यात अस्वाभाविक काहीच नाही. पण भरलेल्या मनाने केलेला निवाडा खरा असतोच असे नाही. तेव्हा प्रश्न विचारलाच पाहिजे: चोळांच्या देवळात भोसल्यांची वंशावळ कोणत्या अधिकाराने?

विरुद्ध बाजू सहज मांडता येते. राजराजाच्या भिंतीवर देणग्या आहेत. सरफोजींच्या भिंतीवर पूर्वज आहेत. एकीकडे काय दिले याची नोंद, दुसरीकडे आम्ही कोण याची घोषणा. देणगीचा लेख देवाला उद्देशून असतो. वंशावळीचा लेख माणसांना उद्देशून. शिवाय त्या मुलखातल्या रयतेची भाषा तमिळ, दरबारातल्या काव्याची भाषा बरीचशी तेलुगू. मग हा मराठी लेख वाचणार तरी कोण होते? मूठभर दरबारी मंडळी. ज्याला आपला शेजारी वाचू शकत नाही, तो लेख शेजाऱ्यासाठी नसून आरशासाठी असतो, असे कोणी म्हटले, तर त्याला एकदम खोडून काढता येणार नाही.

पण काळाकडे पाहिले की याच लेखाचा अर्थ पालटतो. व्यंकोजींनी सुमारे १६७५ मध्ये तंजावर घेतले. सव्वाशे वर्षांनी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी झालेल्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती दिला. किल्ला आणि त्याचा परिसर तेवढा त्यांच्याकडे राहिला, आणि उदरनिर्वाहाला नेमणूक. त्यानंतर चार वर्षांनी हा लेख कोरला गेला. तिकडे १८०२ च्या अखेरीस वसईचा तह होऊन पेशवा इंग्रजांच्या आश्रयास गेला होता. लेखाच्याच वर्षी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, असईच्या रणात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा हरल्या. म्हणजे मराठ्यांची सत्ता सर्वत्र ओसरत असताना, ज्याच्या हाती राज्य उरले नव्हते अशा एका मराठा राजाने आपल्या कुळाचा इतिहास सापडेल त्या सर्वांत टिकाऊ भिंतीवर लिहून ठेवला. विजेत्याने पराभूताच्या देवळावर ठोकलेली ही मुद्रा नव्हे. ज्याचे सर्व जाऊ लागले आहे, त्याने शेजारच्या भक्कम घरात ठेवलेली ही पेटी आहे. गर्व आणि शोक यांची अक्षरे एकाच छिन्नीने कोरली जातात. दुरून पाहणाऱ्याला ती सारखीच दिसतात.

म्हणून केवळ या लेखावरून सरफोजींना दोषही देऊ नये आणि केवळ या लेखावरून त्यांचा गौरवही करू नये. त्यांचे खरे मोजमाप देवळापासून थोड्याच अंतरावर, राजवाड्याच्या आवारात, सरस्वती महालात घ्यावे. नायकांच्या काळापासून चालत आलेला हा ग्रंथसंग्रह सरफोजींनी अपरंपार वाढवला. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखिते आहेत. युरोपातून मागवलेली पुस्तके आहेत. वैद्यकापासून संगीतापर्यंत विषय आहेत. आणि मोडीत लिहिलेल्या दरबारी दप्तरांचे रुमाल आहेत. १८३२ मध्ये सरफोजी गेले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी औरस पुत्रावाचून निवर्तले आणि राजपदही संपले. १९१८ मध्ये हा संग्रह लोकांसाठी खुला झाला. तमिळ विद्वान येथे येतो तो भोसल्यांची वंशावळ पाहायला नव्हे, आपल्याच भाषेचे जुने ग्रंथ पाहायला. सरफोजींनी ते सांभाळले म्हणून ते आहेत. भिंतीवर सरफोजींनी आपले जे होते ते ठेवले. महालात त्यांनी दुसऱ्यांचे जे होते ते जपले. परक्या भूमीने त्यांचे नाव राखले, ते मुख्यतः दुसऱ्या कामासाठी. आणि त्या मोडी रुमालांत खर्चाच्या आणि कामकाजाच्या नोंदी आहेत, म्हणजे राजराजाने भिंतीवर जे केले, ते सरफोजींच्या कारकुनांनी कागदावर केले.

या दोन भिंतींच्या मध्ये एक तिसरी भिंतही आहे. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायक राजांच्या काळात चित्रे काढली गेली. १९३१ च्या सुमारास गोविंदस्वामी या संशोधकांना त्या चित्रांच्या थराखाली चोळकालीन चित्रे आढळली. नायकांनी द्वेषाने काही झाकले असे म्हणता येत नाही. जुने मळले, त्यावर नवे काढले, एवढेच. भक्तीनेही दुसऱ्याचे काम पुसले जाऊ शकते, ही त्यातली शिकवण. पुढे पुरातत्त्व खात्याने नायककालीन थर नाजूकपणे सोडवून वेगळ्या फलकांवर चढवले, आणि खालची चोळचित्रे उघडी केली. वरच्याला न मारता खालच्याला श्वास घेऊ देणे, हे शास्त्राचे काम खरे. पण त्यात एक नीतीही आहे.

आणि एक जागा अशी आहे की जेथे कोणीच काही लिहिले नाही. विमानाच्या वरच्या प्रदक्षिणामार्गात भरताच्या नाट्यशास्त्रातली करणे, म्हणजे नृत्याच्या मुद्रा, दगडात कोरलेल्या आहेत. करणे १०८, कोरली गेली ८१. उरलेल्या २७ जागांचे चिरे हजार वर्षे तसेच कोरे आहेत. पांड्य आले, त्यांच्यामागून विजयनगर, नायक, मराठे आणि इंग्रज आले. कोणी देवीचे देऊळ बांधले, कोणी नंदी बसवला, कोणी सुब्रह्मण्याचे नाजूक मंदिर उभारले, कोणी भिंतीवर वंश लिहिला; पण त्या कोऱ्या चिऱ्यांना कोणी हात लावला नाही. ते दुर्लक्षाने राहिले असतील. तरी त्यांच्याकडे पाहताना असे वाटते की दुसऱ्याचे अपुरे काम अपुरे राहू देणे हाही कधी कधी आदराचाच प्रकार असतो.

आजही हे देऊळ कोणाचे, हा प्रश्न मिटलेला नाही. १९८७ मध्ये ते जागतिक वारसा ठरले; म्हणजे एका अर्थी सर्व जगाचे झाले. इमारतीची देखभाल पुरातत्त्व खात्याकडे; पूजाअर्चा तंजावर राजवाड्याच्या देवस्थानाकडे, ज्याच्या अठ्ठ्याऐंशी देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्यात चालत आलेले आहे. ज्याने देऊळ बांधले त्या राजराजाचा आधुनिक पुतळा मात्र देवळाच्या बाहेर उभा आहे. ५ फेब्रुवारी २०२० रोजी कुंभाभिषेक झाला, तेव्हा मंत्र तमिळमध्ये म्हणावेत की संस्कृतमध्ये, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी दोन्ही भाषांत विधी झाला. तमिळ म्हणतो, माझ्या राजाने बांधले. वैदिक म्हणतो, माझ्या मंत्रांनी प्रतिष्ठा झाली. मराठी म्हणतो, माझ्या राजांनी सांभाळले. यांतला कोणीही खोटे बोलत नाही. पण ‘माझे’ या शब्दाने प्रत्येकजण जे मागतो, ते हक्काचे आहे. आणि देऊळ हजार वर्षे उभे राहिले ते हक्कावर नव्हे, तर ९६ मेंढ्यांच्या जबाबदारीवर.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर निदान माझ्यापुरते तरी मिळते. दगडावर नाव कोरण्यात दोष नाही; दोष आहे तो नावाबरोबर काहीच न कोरण्यात. ज्या नावाच्या मागे ‘याने हे घेतले, हे दिले, याची राखण अमक्याने करावी’ असे वाक्य आहे, ते नाव परक्या दगडावरही परके वाटत नाही. ज्या नावामागे ‘मी’ एवढेच आहे, ते स्वतःच्या घराच्या भिंतीवरही ओरखडा होय. कोनशिलेला आणि कोळशाच्या रेघोटीला वेगळे करणारी गोष्ट अधिकारपद नव्हे. ती आहे जाब देण्याची तयारी.

आपल्यापैकी बहुतेकांच्या नशिबी शिलालेख नाही. तीन वर्षे एका जिल्ह्यात, चार वर्षे दुसऱ्या प्रांतात, लेखणी झिजवून आपण निघून जातो. भाषा अर्धवट शिकलेली असते, शेजाऱ्यांची नावे पुढे विसरतात. परक्या मुलखात आपले काय उरले, हा विचार निवृत्तीच्या उंबरठ्यावर पुष्कळांना छळतो. तंजावरच्या भिंती त्यांना सांगतात की तेथे आपले असे काही उरलेच पाहिजे, असे नाही. त्या मुलखाचे जे होते ते आपल्या हातून घटले नाही, आणि आपण काय केले ते पुढच्याला तपासता यावे असे लिहून ठेवले, तर एवढे पुरेसे आहे. मेंढ्या मोजून पुढच्याच्या हवाली कराव्यात आणि दिव्यात तूप आहे की नाही, ते पाहून निघावे.